माणसं चाळून बोट निवडणाऱ्यांना

क्रूझला जायचा विषय निघाला की हल्ली सल्ल्याची सुरुवात एकाच वाक्याने होते: "आधी तिथला क्राउड बघा." बोट किती जुनी आहे, कोणत्या बंदरांना लागते, त्या महिन्यात समुद्र कसा असतो, केबिन कितव्या मजल्यावर आहे, हे सगळं मागाहून. पहिला प्रश्न सोबतच्या माणसांचा. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, ट्रॅव्हल एजंटच्या टेबलासमोर हीच वाक्यं कानावर येतात. "त्या कंपनीची बोट नको, सगळा पार्टी क्राउड असतो." "ही घ्या, डिसेंट फॅमिली क्राउड आहे." "सिंगापूरहून ती बोट घेऊ नका, सगळे आपले इंडियन्सच भरलेले असतात." आणि दुसऱ्या तोंडून नेमकं याच्या उलट: "तीच घ्या, आपली माणसं असतात, खाण्याचे हाल होत नाहीत."

हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की आता तो शहाणपण म्हणून खपतो. मला तो अजिबात मान्य नाही. व्यवहाराच्या कसोटीवर तो टिकत नाही, आणि त्याच्या तळाशी जी वृत्ती आहे तिची तर मला चीड येते.

समोरच्यांची बाजू आधी पुरती मांडते. ते म्हणतात, हॉटेल आवडलं नाही तर सामान उचलून दुसरीकडे जाता येतं. बोटीवरून कुठे जाणार? चार दिवस, सात दिवस त्याच माणसांबरोबर जेवायचं, त्याच लिफ्टने वरखाली करायचं, त्यांचीच गाणी ऐकायची. पैसे काही थोडेथोडके मोजलेले नसतात. प्रत्येक कंपनीचा स्वभाव ठरलेला आहे: कार्निव्हलवर धांगडधिंगा, डिस्नेवर मुलंबाळं, क्युनार्डवर सूटबूट आणि इंग्रजी रीतभात, वायकिंगवर पुस्तकं घेऊन बसणारी निवृत्त जोडपी, मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियावर वीकएंडचा गोंगाट. मग आपल्यासारखी माणसं जिथे जातात तीच कंपनी निवडावी, यात चुकलं काय?

यातलं एकच मी मान्य करते. काही कंपन्यांनी नियमच करून ठेवले आहेत. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि वायकिंग 18 वर्षांखालच्या कोणालाही बोटीवर घेत नाहीत. डिस्ने आणि वायकिंगच्या समुद्री बोटींवर कॅसिनो नाही. क्युनार्डवर काही रात्री ठरावीक पोशाखाच्या असतात. हे सगळं आधीच छापलेलं असतं. ते वाचावं आणि त्याप्रमाणे ठरवावं. पाच वर्षांचं मूल बरोबर असेल तर व्हर्जिनचा प्रश्नच मिटला. पण नियम वाचणं वेगळं आणि कोणत्या बोटीवर कोणत्या जातकुळीची माणसं चढतात याची चौकशी करत फिरणं वेगळं. आजचा सल्ला हा दुसऱ्या प्रकारचा आहे.

बोटीवर कोण येणार हे कंपनीच्या नावावरून ठरतं, ही मूळ समजूतच चुकीची आहे. मुंबईकरांच्या ओळखीच्या ‘एम्प्रेस’चाच इतिहास बघा. 1990 मध्ये रॉयल कॅरिबियनने ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने सेवेत आणली, ती मुळातच फ्लोरिडाहून बहामाच्या तीन-चार रात्रींच्या फेऱ्यांसाठी बांधून घेतलेली. आठवड्याची नोकरी सांभाळून थोडी हवा खाऊन येणाऱ्यांसाठी. मधली काही वर्षं ती पुलमांतुर या स्पॅनिश कंपनीकडे होती. मग पुन्हा रॉयल कॅरिबियनकडे आली आणि 2017 पासून फ्लोरिडाहून क्युबाला जाऊ लागली. बोट तीच, कंपनी तीच, चढण्याचा किनाराही तोच. पण हवाना बघायला निघालेला माणूस आणि बहामाच्या वाळूवर दोन दिवस पडायला निघालेला माणूस एकच नसतो. जून 2019 मध्ये अमेरिकी सरकारने क्युबाच्या क्रूझवर बंदी घातली आणि तो प्रवासीवर्ग एका दिवसात नाहीसा झाला. कंपनीने आपला स्वभाव बदलला होता का? नाही. वाट बदलली होती.

पुढे हीच बोट भारतात आली आणि सप्टेंबर 2021 मध्ये कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून फिरू लागली. शुक्रवार-शनिवार धरून गोव्याला जाऊन येणारी तिची फेरी आणि लक्षद्वीपला जाणारी चार-पाच दिवसांची फेरी, या दोन्हींवरची माणसं सारखी नसतात. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळतो तेव्हा ही बोट चेन्नईला नेली गेली आहे. तिथे डेकवर तमिळ आणि तेलुगू ऐकू येते आणि सकाळच्या इडली-सांबाराला लागलेली रांग मुंबईच्या रांगेपेक्षा लांब असते. मग "कॉर्डेलियाचा क्राउड" म्हणजे नेमका कोणता? पहाटे पाचची विरार लोकल आणि संध्याकाळी सातची विरार लोकल यांत डबे तेच असतात, प्रवासी वेगळे असतात. म्हणून कोणी "पश्चिम रेल्वेचा क्राउड" बघून घर घेत नाही.

प्रवासी कोण येणार हे ठरवणाऱ्या गोष्टी सरळ आहेत आणि तिकीट काढण्याआधी कोणालाही दिसतात. फेरी किती रात्रींची आहे? दोन-तीन रात्री असतील तर रजा मोजून घेणारे नोकरदार आणि मित्रांचे गट येणार. चौदा रात्री असतील तर ज्यांच्याकडे वेळ आहे तेच येणार, म्हणजे बहुतेक निवृत्त लोक. महिना कोणता? दिवाळीची सुट्टी, नाताळ, मे महिना असेल तर मुलं असणारच. मार्चमध्ये फ्लोरिडाहून निघालात तर सुट्टीवरची कॉलेजची पोरं असणार. बंदर कोणतं? भूमध्य समुद्रात एमएससी आणि कोस्टा या कंपन्या एकाच फेरीत बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ अशा बंदरांतून माणसं घेतात आणि उतरवतात. तिथे सूचना पाच-सहा भाषांत होतात आणि "शेवटचा दिवस" प्रत्येकाचा वेगळा असतो. एप्रिलमध्ये कॅरिबियनमधल्या बोटी युरोपकडे निघतात तेव्हा अटलांटिकवर सलग सहा-सात दिवस जमीन दिसत नाही. ज्याला बंदरात उतरून खरेदी करायची आहे तो त्या फेरीचं तिकीट काढतच नाही. इतकी साधी माहिती हाताशी असताना आपण "त्या कंपनीचे लोक कसे असतात हो?" असं का विचारतो?

कारण कंपन्यांना तेच हवं आहे. "आपल्यासारखी माणसं" हा त्यांचा विकायचा माल आहे. गोंगाटासाठी हिणवली जाणारी कार्निव्हल, संयत म्हणवणारी प्रिन्सेस, प्रौढांची हॉलंड अमेरिका, खानदानी क्युनार्ड, श्रीमंतांची सीबोर्न, जर्मनांची आयडा, इटालियन कोस्टा: या सगळ्या एकाच कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या आहेत. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी एका मालकाच्या. नॉर्वेजियन, ओशनिया आणि रीजंट दुसऱ्या एका मालकाच्या. ज्या दोन कंपन्यांपैकी एकीचं नाव घेताना तुम्ही नाक मुरडता आणि दुसरीचं घेताना मान ताठ करता, त्यांचा नफा एकाच ताळेबंदात जमा होतो. माणसांना उत्पन्नाप्रमाणे आणि वयाप्रमाणे खणांत बसवून प्रत्येक खणाला वेगळा भाव लावायचा, हा त्यांचा धंदा आहे. त्यांनी तो करावा. आपण तो आपला स्वतःचा विवेक समजून एकमेकांना का ऐकवायचा?

आता "क्राउड वाईट होता" म्हणून परत आलेल्यांना नीट विचारा की काय झालं. मी पुष्कळांना विचारलं आहे. उत्तरं ऐकली की लक्षात येतं, तक्रार माणसांबद्दल फार थोडी असते. लिफ्टला दहा मिनिटं थांबावं लागलं. बुफेत ताट घेऊन बसायला जागा नव्हती. पोहण्याच्या तलावात पाय ठेवता येईना. थिएटर भरलेलं म्हणून शो उभ्याने बघितला. बंदरात उतरायला तास गेला. यातली कुठलीही गोष्ट सहप्रवाशांच्या संस्कारांमुळे झालेली नाही. ती जागेच्या हिशेबामुळे झाली आहे, आणि तो हिशेब कोणालाही करता येतो.

बोटीचं ग्रॉस टनेज म्हणजे तिचं वजन नव्हे. ते तिच्या आतल्या बंदिस्त जागेचं माप आहे. त्याला प्रवासीसंख्येने भागलं की माणशी किती जागा वाट्याला येते याचा अंदाज मिळतो. क्वीन मेरी 2 हिचं टनेज 1,49,215 आहे आणि दोघांची एक केबिन धरली तर प्रवासी सुमारे 2,700. भागाकार 55 येतो. एम्प्रेसचं टनेज सुमारे 48,500 आणि केबिन आठशेच्या आसपास, म्हणजे प्रवासी सोळाशे, भागाकार 30. एका बोटीवर चालताना खांद्याला खांदा लागत नाही आणि दुसरीवर लागतो, याचं कारण या दोन आकड्यांत आहे. एका बोटीवर सज्जन इंग्रज असतात आणि दुसरीवर दादर-घाटकोपरचे लोक असतात, हे कारण नाही. सज्जन इंग्रजांनाही 30च्या हिशेबात कोंबलं तर तेही लिफ्टच्या दारात ढकलाढकली करतील.

हाच आकडा सुट्टीत कसा बदलतो ते आणखी महत्त्वाचं आहे. रॉयल कॅरिबियनची ‘आयकॉन ऑफ द सीज’ जानेवारी 2024 मध्ये मायामीहून पहिल्या फेरीला निघाली. टनेज 2,48,663. दोघांची एक केबिन धरली तर 5,610 प्रवासी. भागाकार 44, म्हणजे ऐसपैस. पण केबिनमधले तिसरे-चौथे बेड उघडले की तीच बोट 7,600 पर्यंत माणसं घेते, आणि भागाकार 33 वर येतो. शाळेच्या सुट्टीत हे बेड भरतात. म्हणजे ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यात जाऊन आलेला माणूस "काय सुंदर, शांत क्राउड होता" म्हणतो, नाताळात जाऊन आलेला "काय भयंकर क्राउड होता" म्हणतो, आणि दोघेही एकाच बोटीबद्दल बोलत असतात. दोघांनीही माणसांवर निकाल दिला. निकाल द्यायचा होता तो तिसऱ्या-चौथ्या बेडवर. मुंबई-गोव्याला तीन जण एका केबिनमध्ये घालून माणशी पाच हजार वाचवणारे आपण, आणि गर्दी झाली म्हणून शेजाऱ्याच्या संस्कारांना दोष देणारेही आपणच. हे कसं चालेल?

दारूचंही तसंच आहे. "लोक पिऊन गोंधळ घालतात" ही तक्रार खरी असते, मी ती नाकारत नाही. पण बोटीवर दारू आणतो कोण? बहुतेक मोठ्या कंपन्या दारूचं पॅकेज विकतात: दिवसाचे ठरावीक पैसे भरा आणि प्या. कार्निव्हलच्या पॅकेजात चोवीस तासांत दारूचे पंधरा पेले मिळतात. पंधरा! पैसे वसूल करायचे म्हणून माणूस दुपारपासून सुरुवात करतो, बारमन त्याला देत राहतो, संध्याकाळी तो तलावाकाठी आरडाओरडा करतो, आणि दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, "या लाइनचा क्राउड असला." ज्याने पंधरा पेल्यांचा हिशेब बसवून नफा काढला, त्याच्याबद्दल आपण चकार शब्द बोलत नाही. रात्री अकरानंतर तुमच्या केबिनशेजारी कर्णे वाजत असतील तर ती जबाबदारी सुरक्षा रक्षकांची आणि बोटीच्या व्यवस्थापनाची आहे. कपडे टाकून सकाळपासून आरामखुर्च्या अडवून ठेवणाऱ्यांबद्दल अनेक कंपन्यांचे स्पष्ट नियम आहेत. ते पाळून घेतले जातात की नाही हे विचारायला हवं. ते न विचारता आपण प्रवाशांची प्रतवारी लावत बसतो आणि कंपनी सुखाने सुटते.

एक प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो गंभीर आहे: "एकट्या बाईने जायचं असेल तर तरी क्राउड बघायला नको का?" मी स्वतः एकटीने प्रवास करते, म्हणून याचं उत्तर ठामपणे देते. "डिसेंट क्राउड" या शब्दांनी आजवर कोणत्याही बाईचं रक्षण केलेलं नाही. सूट घातलेला माणूसही मागे लागतो. रक्षण होतं ते दाराला बाहेरचं दिसणारं भिंग असल्याने, कॅमेरे चालू असल्याने, तक्रार नोंदवून घेणारा अधिकारी असल्याने, डॉक्टर असल्याने. अमेरिकेत 2010 मध्ये क्रूझ बोटींच्या सुरक्षेचा कायदा झाला, तो बोटींवर अत्याचार सोसलेल्यांनी आणि माणसं गमावलेल्या कुटुंबांनी पाठपुरावा केल्यामुळे. केबिनच्या दाराला भिंग, 42 इंच उंचीचे कठडे, लैंगिक अत्याचारानंतर तपासणी करू शकणारे प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी, गुन्ह्याची माहिती एफबीआयला देण्याचं बंधन, हे सगळं त्यात आहे. त्या कुटुंबांनी "चांगल्या घरातली माणसं असलेली बोट निवडा" असं सांगत वेळ घालवला नाही. त्यांनी व्यवस्थेला धरलं. मुलींना सल्ला द्यायचाच असेल तर हा द्या: रात्री दोन वाजता कोणत्या नंबरवर फोन करायचा ते चढल्याबरोबर विचारून ठेव.

इथवर मी व्यवहाराचं बोलले. पण माझा खरा राग पुढे आहे.

मुंबई-गोवा फेरीवर एका संध्याकाळी बोट सुटताना मी वरच्या डेकवर उभी होते. बोट बॅलार्ड पिअरवरून निघून गेटवेच्या समोरून दक्षिणेला वळते, कुलाब्याच्या टोकाचं प्रॉन्ग्जचं दीपगृह मागे पडतं आणि मग मुंबई हळूहळू धुरकट रेघ होत जाते. माझ्या शेजारी एक मोठं कुटुंब होतं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट, पाठीवर ‘आजोबांची पंच्याहत्तरी’ असं छापलेलं. आजोबांच्या अंगातही तोच टी-शर्ट, खाली पांढरं धोतर. आजी कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या होत्या. किनारा दिसेनासा झाल्यावर त्यांनी नातवाला विचारलं, "आता चारी बाजूंनी पाणीच का रे?" तो "हो" म्हणाला, तेव्हा त्यांनी कठडा सोडून समुद्राला हात जोडले. नातवंडं किंचाळत होती, कोणीतरी डब्यातून आणलेली शंकरपाळी वाटत होतं, त्यातली मूठभर माझ्याही हातावर आली. मागे दोन जोडपी उभी होती. त्यांतला एक पुरुष मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाला, "म्हटलं होतं ना, या बोटीला असलाच क्राउड."

असलाच म्हणजे कसला? त्या कुटुंबाने कोणाचं काय घेतलं होतं? ते दारू प्यायले नव्हते, कोणाला ढकललं नव्हतं, कोणाच्या खुर्चीवर बसले नव्हते. त्यांनी तेवढेच पैसे भरले होते. त्यांचा गुन्हा एकच: ते कोणत्या गावाहून आले, घरात काय बोलतात, पहिल्यांदाच समुद्रात आले आहेत, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. "क्राउड" म्हणून जे चाळलं जातं ते हे आहे. धोतर, डबा, मोठा आवाज, मोडकं इंग्रजी, चारचौघांत जोडलेले हात. जात विचारायची आता लाज वाटते, पगार विचारणं बरं दिसत नाही, म्हणून एक इंग्रजी शब्द पुढे करून तीच चाळणी लावायची. सोसायटीत भाडेकरू ठेवताना जे प्रश्न आडून विचारले जातात, तेच प्रश्न आता समुद्रावर नेले आहेत.

आणि "आपलेच इंडियन्स" म्हणून नाक मुरडणाऱ्यांबद्दल काय बोलावं? सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटींवर भारतीय मोठ्या संख्येने असतात. म्हणूनच तिथे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते, म्हणूनच आपल्या सासूबाईंना चार दिवस ब्रेड-बटरवर काढावे लागत नाहीत. त्या सोयीचा फायदा घ्यायचा, सकाळी पोहे-उपमा मिळाला की फोटो काढायचा, आणि ज्यांच्या संख्येमुळे ती सोय झाली त्यांच्याबरोबर लिफ्टमध्ये उभं राहायला लागलं की तोंड वाकडं करायचं! ज्याला चिनी, मलेशियन, ऑस्ट्रेलियन सहप्रवासी चालतात पण विदर्भातला शेतकरी किंवा राजकोटचा दुकानदार चालत नाही, त्याला शांतता नको आहे. त्याला गोऱ्यांच्या नजरेत आपण त्या शेतकरी-दुकानदारांतले दिसणार नाही याची हमी हवी आहे. ही हमी कोणतीही क्रूझ कंपनी देऊ शकत नाही. आणि तिथला अमेरिकन प्रवासी आपल्या बोटीबद्दल घरी काय सांगत असेल? तोही हेच सांगत असेल, की क्राउड बदललाय. त्याच्या त्या वाक्यात तुम्ही आणि ते पिवळे टी-शर्ट एकाच रांगेत उभे आहात.

"आपली माणसं असलेली बोट घ्या" हे उलट टोक मला तुलनेने कमी खुपतं, कारण त्यात निदान तुच्छता नाही. ज्येष्ठांना भाषेची धास्ती असते, ती मी समजू शकते. पण मदत मराठीत मिळेल का आणि जेवण चालेल का, हे प्रश्न सोयीचे आहेत. ते सरळ विचारावेत. त्यासाठी सगळी बोट आपल्या आळीतली असायला हवी, असं नाही.

ज्यांच्याकडे भरपूर पैसा आहे त्यांनी तर हा प्रश्न निकालात काढला आहे. एमएससीच्या बोटींवर ‘यॉट क्लब’ आहे, नॉर्वेजियनवर ‘हेवन’: वेगळं दार, वेगळा तलाव, वेगळं जेवणघर, कार्ड लावल्याशिवाय आत जाता येत नाही. बोटीच्या आत बोट. सगळ्यांच्या तिकिटांवर उभं राहिलेलं जहाज, आणि त्यातली चांगली जागा काहींसाठी कुंपण घालून राखलेली. माणसं चाळायच्या सवयीला खतपाणी घातलं की ती इथे पोचते. शंभर वर्षांपूर्वीच्या बोटींवरचे वर्ग मोडून काढायला काळ लागला. आपण ते हौसेने परत मागतो आहोत.

शिवाय बोटीवर प्रवासी तेवढीच माणसं असतात का? आयकॉनवर 2,350 कर्मचारी आहेत. जगभरच्या क्रूझ बोटींवर फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बरोबरीने आपली माणसंही काम करतात: गोव्याचे तारवटी म्हणजे दर्यावर्दी, कोकणातली, मुंबईच्या उपनगरांतली मुलं. सहा-सहा, नऊ-नऊ महिने ती घरी जात नाहीत. 2006 चा सागरी कामगार करार त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती द्यायला सांगतो. म्हणजे कामाचे तास किती लांबू शकतात याचा हिशेब तुम्हीच करा. तुमचा बेड रोज नीट करणाऱ्या मुलाच्या बाबतीत ती कंपनी कशी वागते, हा प्रश्न तुम्ही कधी एजंटला विचारला आहे का? बोटीवरचं वातावरण म्हणून ज्याचं कौतुक करता, ते वातावरण हीच मुलं तयार करतात. थकलेल्या, पगार अडलेल्या माणसांच्या बोटीवर कितीही "डिसेंट" प्रवासी चढले तरी तिथे प्रसन्नता येणार नाही.

आणि बंदरातली माणसं? अलास्कातलं जूनो हे जेमतेम 32 हजार वस्तीचं गाव. 2023 मध्ये तिथे क्रूझने सोळा लाखांहून अधिक प्रवासी आले. शेवटी गावाने कंपन्यांशी करार करून 2024 पासून दिवसाला पाच मोठ्या बोटींची मर्यादा घातली. व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यातून मोठ्या बोटी न्यायला इटलीने ऑगस्ट 2021 पासून बंदी केली. या गावांना कार्निव्हलचा क्राउड आणि क्युनार्डचा क्राउड असा फरक करायला फुरसत नाही. त्यांच्या दृष्टीने सकाळी आठला गल्लीत घुसणारे आणि पाचला निघून जाणारे ते सगळे एकच आहेत. दुसऱ्यांना पारखत बोटीवर चढलेल्या माणसाने बंदरात उतरताना एवढं तरी ध्यानात ठेवावं, की ज्यांचा चौक आपण अडवतो आहोत त्यांनी आपल्याला निवडलेलं नाही.

मी हे सगळं पोटतिडकीने लिहिते आहे कारण समुद्रप्रवास आपल्याला नवा नाही. भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटायच्या तेव्हा रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ल्याची माणसं डेकवर वळकट्या पसरून रात्र काढायची. तिथेही वरचा डेक आणि खालचा डेक होता, तिथेही गैरसोय होती, आणि ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. पण शेजारी कोण झोपलाय याची पारख करून कोणी तिकीट काढलं नाही. आज कितीतरी सुखसोयी वाढल्या, एसी केबिन मिळाली, बाल्कनी मिळाली, आणि आपण मात्र शेजारचा माणूस सोसण्याची ताकद घालवून बसलो.

म्हणून पुढच्या वेळी एजंटसमोर बसाल तेव्हा नेमकं विचारा. फेरी किती रात्रींची आणि बंदरात प्रत्यक्ष किती तास? त्या आठवड्यात शाळांना सुट्टी आहे का? बोटीचं टनेज किती, आणि त्या फेरीला तिसरे-चौथे बेड किती विकले जाणार? दारूचं पॅकेज किती पेल्यांचं? मराठी किंवा हिंदी बोलणारं कोणी स्वागतकक्षात असतं का, आईसाठी लसूण नसलेलं जेवण मिळेल का, तक्रार कोणाकडे करायची? एजंटला उत्तरं माहीत नसतील तर त्याला काढायला लावा. त्याचे पैसे तुम्ही मोजता. आणि तो किंवा दुसरा कोणी "क्राउड चांगला असतो हो" म्हणाला, तर चांगला म्हणजे कोण नसलेला, हे त्याच्याकडून स्पष्ट वदवून घ्या. डेकवर कोणी धोतराकडे बघून हसलं, तर ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. त्याला तिथेच टोका.